प्रकल्पाचा विषय ठरवताना आधी आकडे कुठे आहेत ते पाहा

शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय द्यायची तारीख जवळ आली की नाशिकमध्ये तीच तीन नावं फिरू लागतात: कांदा, द्राक्षं, कुंभमेळा. तिन्ही चांगली आहेत, पण एवढ्याने विषय होत नाही. ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक दिलं की गाइड पहिल्यांदा विचारतात, कोणता तालुका, कोणता हंगाम, कोणती समस्या? जिल्ह्यात 15 तालुके आहेत आणि तुमच्या हातात जेमतेम चार महिने. (‘चिकित्सक’ हा शब्द तर खुशाल खोडा, त्याने शीर्षक लांबतं, बाकी काही होत नाही.)

कांदाच धरायचा असेल तर तो असा छाटता येतो. पीक सोडा, दर घ्या. जिल्हा सोडा, लासलगाव बाजार समिती घ्या. तिथली रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर अ‍ॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर मिळतात. आता एक तारीख शोधा, जिच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी बदललं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. मग प्रश्न असा होतो: शुल्क लागण्याआधीच्या 8 आणि नंतरच्या 8 आठवड्यांत लासलगावच्या सर्वसाधारण दरात किती फरक पडला? याचं उत्तर ‘फारसा नाही’ असंही येऊ शकतं. उत्तर दोन्हीकडे जाऊ शकत असेल तरच प्रश्न अभ्यासाचा.

याच प्रश्नात फसायच्या दोन जागा आहेत. त्या काळात व्यापाऱ्यांनी काही दिवस लिलाव बंद ठेवले होते, म्हणजे तक्त्यात ते रकाने रिकामे येणार. तिथे शून्य भरलंत तर सरासरी कोसळते, ते दिवस वगळायचे आणि तसं लिहायचं. दुसरं, सप्टेंबर-ऑक्टोबरकडे कांदाचाळीत साठवलेला कांदा संपत येतो तसे दर एरवीही हलतात. म्हणून 2022 चे तेच आठवडे शेजारी ठेवा. नाहीतर हंगामाचा परिणाम शुल्काच्या नावावर जाईल.

आकडे तयार नसतील आणि प्रश्नावली घेऊन गावोगाव जायचं असेल, तर आधी वेळेचा हिशेब करा. 60 शेतकरी, एकाला 40 मिनिटं, मधला प्रवास आणि वाट पाहणं धरून दिवसाला चारच होतात. म्हणजे 15 पूर्ण दिवस, तेही तुमच्या तासिका बुडवून. शिवाय समोरच्याची सवड. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराकडे काढणीच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर तो दारातूनच ‘नंतर या’ म्हणेल. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी याही वेळा टाळा. हेच सिंहस्थ कुंभमेळ्याचं. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी गोदाघाटावर मोजणी करायचा विषय घेतलात आणि प्रबंध त्याआधीच द्यायचा असेल, तर विषय कितीही चांगला असो, सोडून द्या.

सरकारी कार्यालयातले आकडे लागणार असतील तर ते आधी मागून पाहा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. अपील करायची वेळ आली तर सत्र निघून जातं. अशा आकड्यांवर अख्खा प्रकल्प उभा करू नये, एखादं प्रकरण चालेल.

मग हा विषय कुणी केलाय का ते बघा. शोधगंगा या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शोधा. इंग्रजीत शहराचं नाव जुन्या ‘नासिक’ स्पेलिंगनेही टाका, जुने प्रबंध त्याखालीच सापडतात. कुणी केला असेल तर घाबरू नका. त्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडा. ‘पुढील संशोधनासाठी सूचना’ असा भाग तिथे बहुधा असतो आणि त्यात तुमच्या कामाचा एखादा धागा निघतो. येवल्याच्या पैठणी विणकरांवर ‘आर्थिक स्थिती’ म्हणून पुन्हा लिहिण्यापेक्षा, घरच्या मागावर विणणारा आणि दुकानदाराच्या मागावर बसणारा यांची मजुरी वेगवेगळी कशी ठरते, एवढंच धरलं तरी पुरे.

गाइडकडे जाताना एकच विषय नेऊ नका, दोन न्या. प्रत्येकाखाली चार ओळी: प्रश्न काय, माहिती कुठून, किती जणांकडून, कोणत्या महिन्यात. आणि त्याआधी प्रश्नावली पाच जणांकडून भरून घ्या. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ या रकान्यापाशी पाचपैकी तिघे थांबले, तर प्रश्न बदला. ‘मागच्या हंगामात किती क्विंटल विकलं आणि काय भावाने?’ असं विचारलं की लोक सांगतात. उत्पन्नाचा हिशेब तुम्ही घरी करायचा.