जुन्या ३२-बिट लिनक्सवर फाइलच्या तारखा २०३८ च्या पलीकडे कशा न्याव्यात

कधीतरी अशी एखादी फाइल तुम्हीही पाहिली असेल, जिच्यावर तारीख १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटेची साडेपाच असते. त्या वेळी कोणी काम करत नव्हतं. युनिक्सचं घड्याळ ग्रीनिचच्या त्या मध्यरात्री शून्यावर होतं, आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजले होते, एवढाच त्याचा अर्थ. तारीखच न मिळालेली फाइल तिथे जाऊन बसते.

दुसरं टोक जास्त त्रासाचं आहे. जुन्या यंत्रणा शून्यापासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवतात. त्यात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. हा आकडा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठला जाईल. पुढच्याच सेकंदाला तो उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाते.

मात्र फाइलच्या बाबतीत २०३८ उजाडायची वाट पाहावी लागत नाही. घड्याळ चुकलेल्या एखाद्या कॅमेऱ्यातून २०४० ची तारीख असलेली फाइल आजच जुन्या सर्व्हरवर येऊ शकते, आणि तिथला बॅकअपचा प्रोग्रॅम तिच्यापाशी अडकू शकतो. पुढच्या पायऱ्या सी भाषेतले छोटे प्रोग्रॅम जुन्या लिनक्सवर चालवणाऱ्यांसाठी आहेत.

पायरी १: मोजून बघा

कर्नल (लिनक्सचा गाभा) ६४-बिट आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रॅम चालवणारी रास्पबेरी पाय सर्रास सापडतात. सी भाषेत वेळ ठेवणाऱ्या 'टाइम_टी' या प्रकाराचं बाइटांतलं माप, म्हणजे 'साइझऑफ', छापणारा दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि तुमचा खरा प्रोग्रॅम ज्या कंपायलरने व पर्यायांनी बांधता, त्यांनीच तो बांधा. उत्तर ८ आलं तर पायरी ३ कडे जा. ४ आलं तर क्रमाने चला.

पायरी २: ग्रंथालयासकट (लायब्ररीसकट) पुन्हा बांधा

३२-बिट लिनक्ससाठी ६४-बिट वेळेच्या सिस्टिम कॉलची सोय कर्नल ५.१ पासून आहे. जीलिबसी या सी भाषेच्या नेहमीच्या ग्रंथालयात ती २.३४ या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये आली. पण ती आपोआप चालू होत नाही. कंपायलरला '_टाइम_बिट्स' ६४ आणि '_फाइल_ऑफसेट_बिट्स' ६४ अशा दोन्ही व्याख्या द्याव्या लागतात. दुसरी नसेल तर पहिली चालत नाही. या व्याख्या एखाद्या हेडर फाइलमध्ये न लिहिता मेकफाइलच्या सीफ्लॅग्जमध्ये लिहा, म्हणजे कुठलीही फाइल त्यांच्याविना बांधली जाणार नाही. जीलिबसीऐवजी मसल हे ग्रंथालय वापरत असाल तर १.२.० पासून ६४-बिट वेळ मुळातच मिळते.

खरा धोका पुढे आहे. तुमचा प्रोग्रॅम नव्या मापाने बांधला, पण तो ज्या ग्रंथालयाला 'टाइम_टी' किंवा 'टाइमस्पेक' (सेकंद व नॅनोसेकंदांची जोडी) देतो ते जुन्याच मापाचं राहिलं, तर कंपायलर अवाक्षर काढत नाही आणि तारखांचा कचरा होतो. स्टॅटिक ग्रंथालयं, प्लगइन, कोणीतरी फक्त बायनरी देऊन गेलेली '.एसओ' फाइल, या सगळ्यांची यादी करा. एकही पुन्हा बांधता येत नसेल, तर हा मार्ग अर्धवट अवलंबण्यापेक्षा अख्खी प्रणाली बदलणं बरं. डेबियन या लिनक्स वितरणाने १३ व्या आवृत्तीत एआरएम ३२-बिटसाठी हेच केलं. सगळी पॅकेजं एकदम नव्या वेळेवर नेली. जुन्या इंटेल ३२-बिटला मात्र मुद्दाम मागेच ठेवलं, कारण तिथे जुन्या बायनरी चालत राहणं जास्त महत्त्वाचं मानलं गेलं.

शेवटी कोडमध्ये 'स्टॅटिक असर्ट' टाका: 'टाइम_टी' ८ बाइटांपेक्षा लहान असेल तर बांधणीच थांबावी.

पायरी ३: स्वतःचं कोड चाळा

माप ८ झालं तरी कोडमधला एक 'इंट' सगळ्यावर पाणी फिरवतो. 'एसटी_एमटाइम' (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) जिथे जिथे वाचला जातो ती प्रत्येक ओळ बघा. ३२-बिट यंत्रणेवर 'लाँग' सुद्धा ४ बाइटांचाच असतो, त्यामुळे तोही चालत नाही. छापताना 'लाँग लाँग' मध्ये रूपांतर करून मगच छापा. दोन फाइलींत नवी कोणती हे ठरवायला वजाबाकी करून उत्तर 'इंट' मध्ये ठेवण्याची सवय फार जुनी आहे. ती सोडा आणि सरळ 'पेक्षा मोठा' ने तुलना करा.

विंडोजकडून येणारी वेळ १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत असते. तिला एक कोटीने भागायचं आणि ११६४४४७३६०० वजा करायचे. तिथे शून्याचा अर्थ बहुधा 'तारीख दिलेली नाही' असा असतो, त्यामुळे तो आधी बाजूला काढा. नाहीतर फाइल १६०१ सालची ठरते. झिप फाइली आणि फॅट फाइलप्रणाली यांची अडचण उलटी: तिथे वर्षं १९८० ते २१०७ एवढीच आणि सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने. घड्याळाला बॅटरी नसलेल्या उपकरणावरची १९७० ची फाइल झिपमध्ये टाकताना पायथॉन सरळ नकार देतो, तो याच कारणाने.

अरुंद प्रकारात रूपांतर करण्याआधी मर्यादा तपासा. नंतर तपासून उपयोग नाही, कारण तोवर आकडा कापला गेलेला असतो. मावत नसेल तर 'इओव्हरफ्लो' ही त्रुटी परत करा. फाइलची माहिती देणाऱ्या 'स्टॅट'लाही पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाने हीच मुभा दिली आहे. मर्यादेच्या टोकावर आणून ठेवायचंच असेल, तर फाइलच्या नावासह लॉगमध्ये नोंद करा. गुपचूप छाटलेली तारीख मला चुकीच्या तारखेहून वाईट वाटते, कारण ती खरी दिसते.

पायरी ४: डिस्कची मर्यादा

इथे बहुतेक जण फसतात. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीमध्ये आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) २५६ बाइटांचा असेल तर तारखा २४४६ पर्यंत चालतात, १२८ बाइटांचा असेल तर २०३८ पर्यंतच. जुन्या साधनांनी बनवलेली ५१२ एमबीपेक्षा लहान विभाजनं, उदाहरणार्थ बूटचं विभाजन, बहुधा १२८ चीच निघतात. 'ट्यून२एफएस -एल' ने आयनोडचं माप दिसतं. कर्नल ५.४ पासून अशी डिस्क माउंट होताना लॉगमध्ये २०३८ चा इशाराही येतो. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे डेटा दुसरीकडे कॉपी करून २५६ च्या मापाने नवी फाइलप्रणाली बनवणं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीवर 'बिगटाइम' हा गुण लागतो. तो कर्नल ५.१० पासून आहे आणि त्याने मर्यादा २४८६ पर्यंत जाते.

पायरी ५: चाचणी

यंत्राचं घड्याळ पुढे करू नका. प्रमाणपत्रं बाद ठरतात, ठरलेली कामं भलत्या वेळी धावतात. रिकाम्या फोल्डरमध्ये 'टच -डी' ने फक्त फाइलींना तारखा द्या: मर्यादेचा शेवटचा सेकंद, त्याच्या पुढचा सेकंद, २०४०, १९६९ आणि २१०८. मग तुमच्या प्रोग्रॅमकडून त्यांची यादी, कॉपी आणि क्रमवारी करून घ्या.

'टच' नेच तारीख चुकीची म्हणून नाकारली, तर ते साधन स्वतः ३२-बिट वेळेचं आहे. २०४० दिली आणि परत १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७ मिळाली, तर तुमचं कोड ठीक असून डिस्कने तारीख टोकावर आणून ठेवली आहे. मर्यादेच्या पुढच्या सेकंदाच्या फाइलवर १९०१ दिसलं तर दोष कोडमध्ये किंवा ग्रंथालयात शोधा. इंग्रजी लेखांत तिथे १३ डिसेंबर लिहिलेलं असतं, पण भारतीय वेळ लावलेल्या यंत्रावर १४ डिसेंबर दिसेल. म्हणून लॉगमध्ये तारीख न शोधता '१९०१' हे वर्ष शोधा.