जुन्या संगणकासाठी प्रोसेसर आणि कूलर निवडताना

प्रोसेसर बदलायचा ठरवल्यावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक बाजारात जाण्याआधी आपल्या मदरबोर्डचे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) कोणते आहे आणि त्याच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती नव्या प्रोसेसरला चालते, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. बायोस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच अद्ययावत करावा, कारण नंतर पडद्यावर काहीच न दिसण्याची शक्यता असते.

एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल, तर माझ्या मते त्यांचा रायझन ५ ५६०० हा खिशाला परवडणारा उत्तम पर्याय आहे. त्यात ६ कोअर आहेत, टीडीपी (कूलरला हटवावी लागणाऱ्या उष्णतेचे माप) ६५ वॅट आहे आणि खोक्यात कूलरही मिळतो. रायझन ७ ५७००एक्ससोबत मात्र कूलर येत नाही, त्यामुळे तो खर्च आधीच धरावा. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्याने स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतेच.

हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, म्हणून मे महिन्यात पंख्याखाली काम करणाऱ्या मुंबईकराने कॅबिनेटची रुंदी मोजून त्यात मावेल असा उंच टॉवर कूलर घेणे श्रेयस्कर.

जुना कूलर सरळ वर ओढू नये. माझ्या हातून तसे झाले तेव्हा प्रोसेसर आणि कूलरमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पण वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला आणि कडेच्या दोन पिना वाकल्या. संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करावी, वीजपुरवठा तोडावा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.