पर्यावरण शिकवताना या चुका टाळा : पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी

पाचवी ते आठवीच्या मुलांना गुणाकार, सरासरी, आलेख येऊ लागलेले असतात आणि 'असं का?' विचारायला ती लाजत नाहीत. पर्यावरण शिकवायला याहून चांगलं वय नाही. तरी बहुतेक शाळांत हा विषय घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरीतच आटोपतो. मुलांच्या हाती मोजायला काही द्यावं, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

'पाणी वाचवा'चा तक्ता लावून गळका नळ तसाच ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. मुलं ते रोज बघतात आणि त्यातून काय शिकायचं ते शिकतात. नळाखाली मोजपात्र ठेवा, दहा मिनिटं थांबा. १०० मिली पाणी जमलं तर दिवसाचं १४.४ लिटर होतं. हा हिशेब फळ्यावर मुलांनाच मांडू द्या. मग वॉशर बदलण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्जही त्यांनीच लिहावा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावं. पावसाळ्यात हाच हिशेब छतावर न्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या छतावर २० मिमी पाऊस झाला तर १,२०० लिटर. हिवरे बाजारची ग्रामसभा पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते, हे या वेळी सांगितलं तर मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

इथे एक सांभाळा. टँकरवर जगणाऱ्या वस्तीतल्या मुलाला पाणी वाचवण्याचा उपदेश करू नका. तांदूळ धुतलेलं पाणी कुठे जातं, भांड्यांचं कुठे, हे त्याच्या घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला सांगावंसं वाटलं तर वर्गाने ऐकावं.

खताचा खड्डा उत्साहात सुरू होतो आणि महिन्याभरात बंद पडतो. कारण बहुधा एकच : डब्यातलं उरलेलं अन्न नुसतं ओतत राहणं. कुजका वास येत असेल तर आत हवा खेळत नाही आणि ओल जास्त झाली आहे. मूठभर माल दाबून बघा. पाणी टपकलं तर वाळका पालापाचोळा मिसळा आणि खालीवर करा. नुसती ओल लागून हात दमट झाला तर ठीक. मूठ उघडताच सगळं भुसभुशीत सुटलं आणि आठवडे गेले तरी काही कुजत नसेल तर पाणी शिंपडा. चिलटं झाली तर ओल्या कचऱ्यावर दर वेळी पाल्याचा थर द्या. तेलकट भाजी, मांसमच्छी यात नको, उंदीर-घुशी येतात. कचरा वेगळा करताना हातमोजे आणि चिमटा हवाच, आणि हे काम शिक्षा म्हणून कुणालाही देऊ नका. ज्या मुलांचे आईवडील कचरावेचक किंवा सफाई कामगार आहेत, त्यांच्या मनाला ते फार लागतं.

झाडांचं म्हणाल तर ती ५ जूनलाच, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनालाच, लावायचा हट्ट सोडा. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पाऊस धड सुरूही झालेला नसतो. दोन चांगले पाऊस होऊन माती भिजली की मोजकी रोपं लावा : करंज, कडुलिंब, बहावा, ताम्हण. गुलमोहर देखणा आहे, पण तो मूळचा मादागास्करचा. रोप मान टाकत असेल तर आधी मातीत बोट घालून पाहा. काळ्या जमिनीत पाणी साचूनही मुळं कुजतात. एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, ते खड्डा खणण्याआधीच ठरवा, नाहीतर लावूच नका.

'टाकाऊतून टिकाऊ'साठी पालक दुकानातून नवा थर्माकोल आणि चमकी आणतात. असा प्रकल्प सरळ बंद करा.

एक गोंधळ मात्र शिक्षकांकडूनच मुलांकडे जातो : ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते. तसं नाही. ओझोनचा थर विरळ झाला तो मुख्यतः फ्रीज-एसीत आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे. पृथ्वी तापते ती प्रामुख्याने कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ओझोनची गोष्ट पूर्ण सांगा : १९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, देशांनी ती रसायनं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि थर हळूहळू सावरतो आहे. 'सगळं संपणार' असं ऐकून घाबरलेल्या मुलाला या गोष्टीने खरा धीर येतो.

आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तक्त्याच्या सजावटीला गुण देऊ नका. नोंदवही तपासा : तारीख, मोजमाप, काय बदललं. एखाद्या गटाचं खत झालंच नाही, पण का झालं नाही हे त्यांनी नीट शोधून लिहिलं असेल, तर त्यांना पूर्ण गुण द्या.