जॅक रसेल घरी आणताय? आधी त्याच्या उकरण्याची सोय करा

जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली: 'कुंड्या उकरतो.' उकरणारच! 'टेरियर' हे नावच मुळात जमिनीवरून, लॅटिन 'टेरा'वरून आलंय. तेव्हा त्याला शिस्त लावण्याआधी तो कुठून आला ते पाहू.

इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल (1795–1883) कोल्ह्याच्या शिकारीचे भलतेच शौकीन. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. तिच्यापासून हा वंश सुरू झाला असं मानतात. मोठे हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, कोल्ह्याचा माग काढायचे, कोल्हा बिळात शिरला की टेरियर आत सोडायचे. कोल्ह्याला मारायचं नाही, भुंकून भुंकून बाहेर पिटाळायचं. म्हणून अंग लहान: उंची 25 ते 30 सेंमी, वजन साधारण 5-6 किलो, छाती दोन्ही हातांच्या पंजांत मावेल एवढी. बिळात धन्याला विचारायची सोय नाही, सगळं स्वतःच ठरवायचं. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो हाच.

आता कामाला लागू. एका मोठ्या टबात वाळू भरा, त्याच्यादेखत त्यात खाऊ पुरा आणि उकरू द्या. खाऊ सापडला की शाबासकी. कुंडीकडे वळला तर ओरडू नका, उचलून टबापाशी आणा. आठवडाभर रोज हेच करा. ओरडलात तर तुम्ही पाठ फिरवल्यावर उकरायचं, एवढंच तो शिकेल.

मग हाक मारल्यावर परत येणं शिकवा. आधी घरात, नंतर मैदानात लांब दोरी बांधून, प्रत्येक वेळी खाऊ देऊन. तरीही रस्त्यावर पट्टा सोडू नका. समोरून खार पळाली की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. घरात ससा किंवा हॅमस्टर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरी जात बघा.

भुंकणं पूर्ण बंद होणार नाही, कमी होईल. सकाळ-संध्याकाळ भरपूर चालवा आणि डोक्यालाही काम द्या. जेवण भांड्यात वाढण्याऐवजी जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, घरभर लपवा. दमलेला जॅक रसेल शेजाऱ्यांनाही आवडतो. शेपूट ओढणारी लहान मुलं त्याला खपत नाहीत, त्यामुळे दोघांना एकटं सोडू नका.

आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची सांभाळायची. हा उंदीर दिसला की धरणार, आणि पावसाळ्यात उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्याला आणि माणसालाही. त्यामुळे लेप्टोची लस दिली आहे का, हे पशुवैद्याला आठवणीने विचारा. घरात उंदराचं औषध तर ठेवूच नका. विष खाल्लेला उंदीर त्याने धरून खाल्ला तरी धोका आहेच.