लाकडी मंडपाची डोलणारी चौकट : माझा अनुभव

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात आम्ही विद्यार्थ्यांनी चार खांबांचा एक छोटा लाकडी मंडप स्वतः आखून स्वतःच्या हातांनी उभारला, तेव्हा कागदावर निर्दोष दिसणारी चौकट खांद्याचा हलका धक्का लागताच बोटभर डोलू लागली. नटबोल्ट सैल असतील, असे समजून आम्ही ते आणखी आवळले. त्याने वॉशर लाकडात रुतले आणि एका तुळईच्या टोकाशी तंतूंच्या दिशेने बारीक चीर गेली, कारण भोक टोकाच्या फार जवळ पाडले होते.

ओळंबा सोडून पाहिले, तर खांब अगदी सरळ होते. दोष मापात नव्हता, आकारात होता: कोपऱ्यांच्या सांध्यांवरच उभा असलेला चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. हे वर्गात अनेकदा ऐकले होते, पण खरे कळले ते हाताखाली खांब हलला तेव्हा.

मग दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत चौकट दोरीने ओढून धरली आणि प्रत्येक खांबापासून दोन्ही दिशांच्या तुळयांना ४५ अंशांत तिरपे टेकू दिले. टेकूंची टोके पटाशीने कोरलेल्या उथळ खाचांत घट्ट बसवली, म्हणजे दाब थेट लाकडावरून लाकडावर जातो आणि सारा भार बोल्टवर पडत नाही. चिरलेली तुळई बदलून नवे भोक टोकापासून बोल्टच्या व्यासाच्या ७ पट अंतरावर घेतले. लाकूड वाळताना तंतूंना आडवे आकसते, म्हणून महिन्याभराने सर्व बोल्ट पुन्हा एकदा, बेताने, आवळले.