निधी अडतो कुठे? छोट्या संस्थांनी आणि बचत गटांनी या चुका टाळा

तालुक्याच्या गावी संस्थांचे हिशेब आणि प्रस्ताव लिहून देण्याचे काम मी करतो. दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी पिशवीत कागद कोंबून येतो आणि म्हणतो, "सर, कंपनीवाले मार्चच्या आत पैसे द्यायला तयार आहेत, तेवढा अर्ज लिहून द्या." अर्ज दोन दिवसांत होतो. पिशवीतले कागद एकमेकांशी जुळवायला मात्र कधी कधी आठ महिने लागतात, आणि तोवर कंपनीचे पैसे दुसरीकडे गेलेले असतात.

काम वाईट म्हणून निधी नाकारला, अशी प्रकरणे माझ्याकडे फार थोडी आली. बहुतेक ठिकाणी संस्था पैसे घ्यायला कागदावर तयारच नव्हती.

अध्यक्ष बदलले, धर्मादायला कळलेच नाही

ही पहिल्या नंबरची चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. महाराष्ट्रात आपल्या नेहमीच्या संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. निवडणूक होते, नवी कार्यकारिणी येते, पेढे वाटले जातात, बँकेत सह्या बदलल्या जातात. पण विश्वस्तांमधला प्रत्येक बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला, म्हणजे संस्था आणि ट्रस्टची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायचा असतो. कलम 22 चा बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो राहून जातो. एकदा राहिला की पुढचाही राहतो.

मग दहा वर्षांनी परिशिष्ट 1 चा, म्हणजे धर्मादायकडच्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा काढला की त्यावर जी सात-नऊ नावे दिसतात, त्यातली दोन माणसे हयात नसतात, एक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला असतो आणि सध्याच्या अध्यक्षांचे नाव कुठेच नसते. देणगीदाराचा वकील पहिला प्रश्न विचारतो: करारावर सही करणारा हा माणूस कोण?

उपाय एकच. सगळ्यात जुन्या बदलापासून क्रमाने एकेक चेंज रिपोर्ट, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. मधला एखादा गाळून थेट आजच्या कार्यकारिणीवर उडी मारता येत नाही, कारण ज्यांनी सभा बोलावली त्यांचीच नोंद नाही, असा आक्षेप येतो. प्रत्येक बदलाला सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्यांची संमतिपत्रे, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले लागतात. हमखास हरवलेली असते ती नोटीस मिळाल्याची पोच. (दाखला मागायला दिवंगत विश्वस्ताच्या घरी कोणी जायचे, यावर संस्थेत आठवडाभर चर्चा चालते. सचिवाने जावे, चहा घ्यावा आणि थेट विषय काढावा.) अर्ज दाखल झाल्याची पोच हातात आली की ती देणगीदाराला दाखवा. सगळे मानतात असे नाही, पण काही जण तेवढ्यावर थांबायला तयार होतात.

याच जातीची, पण दिसायला क्षुल्लक चूक म्हणजे नावाचे स्पेलिंग. पॅनवर 'श्री' आय लावून, बँकेत दोन ई लावून, आणि नोंदणीच्या दाखल्यावर संस्था मराठीत. माणसाला फरक कळत नाही, पोर्टलला कळतो. एक स्पेलिंग ठरवा, त्याचा ठराव करा आणि बाकीचे सगळे त्याला जुळवून घ्या. सुरुवात पॅनपासून.

ऑडिट झाले म्हणजे काम संपले, हाही एक गैरसमज. ऑडिटचे कागद आयकराला जातात, धर्मादायला पाठवायचे राहतात.

सीएसआर म्हणजे कंपनीची वर्गणी, असे समजणे

सीएसआर म्हणजे कंपनीने कायद्याने उचलायची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मध्ये ती येते. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. म्हणजे एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडच्या दारात अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथले बरेच कारखानदार या कायद्यात बसतच नाहीत. ते देतील ती स्वखुशीची देणगी, आणि ती मागायची भाषाही वेगळी असते.

कंपनीने संस्थेमार्फत काम करायचे तर संस्थेकडे आयकराची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-1 फॉर्म भरून मिळणारा क्रमांक हवा. तो 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले असले तरी बोलताना सगळे अजून 12ए, 80जीच म्हणतात. जुना फॉर्म समोर ठेवून नवा भरू नका, एवढे मात्र सीएकडून तपासून घ्या.

बचत गट स्वतः यात बसत नाही. मागच्या वर्षी नोंदलेली संस्थाही नाही. अशा वेळी लोक कागद मागच्या तारखेचे करायला बघतात, ते करू नका. त्याच भागात तेच काम करणारी जुनी संस्था गाठा आणि तिच्या प्रस्तावात तुमचे गाव, तुमचा गट घाला. कोणी काय करायचे आणि पैसे कोण खर्चणार, हे मात्र दोन पानांच्या करारात आधी लिहा. तोंडी ठरलेल्या भागीदाऱ्या पहिला हप्ता येईपर्यंतच गोड राहतात.

आणखी एक. पुरस्कार सोहळा, मॅरेथॉन, एक दिवसाचा मेळावा यांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, हे मंत्रालयाने 2014 मध्येच स्पष्ट केले आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या दर पाच प्रस्तावांत एक तरी "भव्य" कार्यक्रमाचा असतो.

वेळेचेही तसेच. कंपनी वर्षाचा आराखडा आधी मंजूर करून घेते. प्रस्ताव त्या आराखड्याच्या आधी पोचला पाहिजे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत ओळख आणि एप्रिल उजाडण्याआधी कागद. मार्चमध्ये उरलेले पैसे मिळतातही कधी कधी, पण ते पंधरा दिवसांत खर्च करून दाखवायच्या अटीवर.

अंदाजपत्रकात उद्घाटन आहे, विजेचे बिल नाही

एका महिला मंडळाचा प्रस्ताव नमुन्यादाखल सांगतो. वीस बायकांना सहा महिने शिवणकाम शिकवायचे, एकूण मागणी 3 लाख. दहा मशिन, प्रत्येकी 12 हजार, झाले 1 लाख 20 हजार. कापड आणि साहित्य 60 हजार. शिक्षिकेचे मानधन महिना 10 हजार, सहा महिन्यांचे 60 हजार. राहिलेले 60 हजार कशाला? उद्घाटन आणि समारोप. मांडव, हार, शाल-श्रीफळ, जेवण.

शिक्षिकेला सहा महिने राबून जेवढे मिळणार, तेवढेच दोन दिवसांच्या मांडवाला. खोलीचे भाडे नाही, वीजबिल नाही, सुया, तेल, मशिनची दुरुस्ती नाही, हिशेब ठेवणाऱ्याला एक रुपया नाही. मंडळाच्या ताईंना विचारले तर म्हणाल्या, "पगार मागितला तर लोभी वाटतो ना हो." हा संकोच मी खूप ठिकाणी पाहिला आहे. त्याचा परिणाम असा होतो की काम करणाऱ्याचा मोबदला मग 'स्टेशनरी' किंवा 'प्रवास' या नावाखाली लपवला जातो आणि ऑडिटला तोच सापडतो. एका गावच्या संस्थेची वर्षाची स्टेशनरी 70 हजार कशी, याला उत्तर नसते.

मानधन मानधन म्हणूनच लिहा. हिशेबनीस अर्धवेळ लागणार असेल तर अर्धवेळ लिहा. प्रत्येक आकड्याला नग, दर आणि महिने दाखवा, आणि मोठ्या खरेदीला तीन कोटेशन जोडा. ती तिन्ही एकाच हस्ताक्षरात नसावीत, हे सांगावे लागते म्हणून सांगतो.

त्याच प्रस्तावावर निधी देणाऱ्या बाईंनी पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: "सातव्या महिन्यात काय?" दहा मशिन कोणाच्या ताब्यात, शिकलेल्या बायकांना काम कोण देणार, याबद्दल चकार शब्द नव्हता. पुढे मंडळाने दोन शाळांकडून गणवेश शिवून घेण्याची पत्रे आणली, उद्घाटन चहा-बिस्किटावर आणले आणि तो प्रस्ताव मंजूर झाला.

गट चालतो, पण भिशीसारखा

बचत गट बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने 1992 मध्ये सुरू केले, ते या भरवशावर की ज्या बायका आपसात पैसे फिरवून वसूल करतात त्या बँकेचेही फेडतील. म्हणून बँक अधिकारी आधी वह्या बघतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख लेखे ही पंचसूत्री. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, दशसूत्रीत पुढची पाच आली तरी बँकेचा जीव या पहिल्या पाचांतच.

इथे तीन ठिकाणी घसरण होते. काही गट दिवाळीला सगळी बचत वाटून घेतात, भिशी फुटल्यासारखी, आणि पाडव्यानंतर पुन्हा शून्यापासून सुरू करतात. दहा वर्षांचा गट, पण निधी एका वर्षाचा. काही गट पैसे नुसते खात्यात साठवतात, आपसात कर्जच देत नाहीत. आणि बँकेचे कर्ज आले की ते सगळ्यांत समान वाटणे ही तर जवळपास रीतच आहे. ज्या बाईला शेळ्या घ्यायच्या तिला कमी पडते, जिला गरज नाही तिचा हप्ता थकतो आणि थकबाकी मात्र सगळ्या गटाच्या नावावर.

प्रोसिडिंग बुकबद्दल वेगळे सांगतो. सहा महिन्यांचे इतिवृत्त एका रात्रीत, एकाच निळ्या पेनाने लिहिलेले लगेच ओळखू येते. एका वहीत मी 31 एप्रिलची बैठक वाचली आहे, बारा सह्यांसकट.

चूक नेहमी गटाचीच असते असेही नाही. 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचे नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत "आधी एफडी करा" असे सांगितले तर वाद घालत बसू नका. ते लेखी द्या म्हणा, आणि ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) ठरावासह उमेदच्या तालुका अभियान कक्षाकडे किंवा जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँकेकडे जा. लेखी मागितले की पुष्कळदा तिथेच विषय संपतो.

अमेरिकेतला भाचा

गावच्या वाचनालयाला न्यू जर्सीतला भाचा पैसे पाठवतो म्हणतो. आनंदाची गोष्ट, पण आधी त्याला विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या मार्गाने देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असो, मराठी मंडळाचा अध्यक्ष असो, ती परकीय देणगीच. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणे गुन्हा आहे. आधी भावाच्या खात्यात मागवून मग संस्थेला द्यायची, हा सल्ला जो देईल त्याच्याकडून पुढचा कुठलाच सल्ला घेऊ नका.

नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च झालेले हवेत. वाचनालयाला हे झेपणारे नाही. मग एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेने पैसे घेऊन आपल्याला द्यावेत, ही वाटही 2020 च्या दुरुस्तीनंतर बंद झाली. ती संस्था स्वतः तुमच्या गावात खर्च करू शकते, पैसे पुढे सरकवू शकत नाही. भाच्याला हे सरळ सांगावे. तो रागावत नाही, वडीलधारे रागावतात.

विक्री आणि देणगी एकाच वहीत

पापड, गोधड्या, गांडूळखत विकून संस्था चालवणे उत्तमच. पण विक्रीचा हिशेब वेगळा ठेवा, वेगळ्या वहीत, जमल्यास वेगळ्या खात्यात. सर्वसाधारण जनोपयोगी उद्देशाच्या (म्हणजे शिक्षण, आरोग्य, गरिबांना मदत अशा ठरलेल्या कामांत न बसणाऱ्या) संस्थेची व्यापारी जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली तर करसवलत धोक्यात येते. विक्रीच वाढणार असेल तर उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था काढून तिथे न्या.

देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र, ज्याला आजवर 10बीडी म्हणत आलो, ते 31 मेपर्यंत गेले नाही तर देणगीदाराला 80जीची सवलत मिळत नाही आणि जुलैत त्याचा फोन येतो. 2 हजारांवरच्या रोख देणगीलाही ही सवलत नाही, म्हणून पावती फाडतानाच सांगा.

दुसरा हप्ता का येत नाही?

कारण पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेलेले नसते. ते गेलेले नसते, कारण व्हाउचर नाहीत. ते नाहीत, कारण सचिवांनी खर्च खिशातून केला आणि "नंतर लिहू" म्हणाले. खर्च झाला त्या संध्याकाळी व्हाउचर, मागे बिल टाचलेले, खाली दोन सह्या. प्रशिक्षणाचा हजेरीपट रोजचा रोज. फोटोवर तारीख.

आणि पैसे उरले तर घाबरू नका. एका संस्थेचे मशिन दुरुस्तीचे 18 हजार उरले. परत मागतील या भीतीने त्यांनी 28 मार्चला लोखंडी कपाट घेतले. मंजूर शीर्षात कपाट नव्हते. तो खर्च नाकारला गेला, 18 हजार संस्थेच्या खिशातून गेले आणि दुसरा हप्ता सहा महिने लांबला. जानेवारीत चार ओळींचे पत्र पुरले असते: दुरुस्तीच्या शीर्षात 18 हजार शिल्लक राहतील असे दिसते, तेवढ्यात शिक्षिकेचे मानधन आणखी दीड महिना देता येईल, परवानगी असावी. कपाट अजून त्यांच्या ऑफिसात आहे. चेंज रिपोर्टच्या फायली त्यातच ठेवतात.