विवाहित जोडप्यांना उत्तेजन देण्यासाठी केनियाला जाताना: मुंबईतील मराठी मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

परदेशी सेवाकार्याचा विषय मंडळीच्या सभेत निघाला की चर्चा लगेच तिकिटांवर आणि वर्गणीवर येते. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, आपल्याला तिथे कोणी बोलावले आहे काय? विवाह हा घराच्या आतला विषय आहे आणि त्यावर बोलायला परक्या देशातून आलेल्या माणसांना तिथल्या मंडळीने स्वतःहून दार उघडून दिले नसेल, तर जाऊ नये. निमंत्रण मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे आपल्या पंथाचे जुने नाते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि केनियातील अँग्लिकन चर्च ही दोन्ही जागतिक अँग्लिकन परिवारात आहेत, मेथॉडिस्ट मंडळ्याही दोन्ही देशांत आहेत. तेव्हा आपल्या बिशपांच्या किंवा जिल्हा अधीक्षकांच्या पत्राने सुरुवात करावी. अँग्लिकन मंडळ्यांतील ‘मदर्स युनियन’ ही १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली आणि कुटुंबजीवनासाठी काम करणारी संघटना केनियात चांगली रुजलेली आहे. कोणत्या जोडप्यांना कशाची गरज आहे, हे तिच्या स्थानिक कार्यकर्त्यांइतके पाळकांनाही ठाऊक नसते.

निमंत्रण तोंडी असू नये. २०२३ मध्ये किलिफी परगण्यातील शाकाहोला जंगलात एका पंथाच्या उपासमारीच्या शिकवणुकीमुळे मरण पावलेल्या चारशेहून अधिक लोकांचे मृतदेह उकरून काढावे लागले. त्यानंतर तेथील सरकार आणि सामान्य लोकही अनोळखी उपदेशकांकडे सावधपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. नोंदणीकृत मंडळीचे तारखांसह, राहण्याच्या पत्त्यासह आणि कामाच्या स्पष्ट वर्णनासह आलेले पत्र हाती असल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

कोणी जावे

या कामासाठी वक्ते पाठवू नयेत, जोडपी पाठवावीत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अक्विला आणि प्रिस्किल्ला भेटतात. क्लौद्य कैसराच्या हुकमामुळे रोम सोडावे लागलेले हे तंबू शिवणारे जोडपे करिंथात पौलाला घरात ठेवून घेते आणि पुढे अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला चारचौघांत न दुरुस्त करता आपल्याकडे बोलावून समजावून सांगते. नव्या करारात त्यांची नावे जेव्हा जेव्हा येतात तेव्हा जोडीनेच येतात, आणि त्यांतही काही ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव आधी. आपल्या पथकाला याहून वेगळा नमुना शोधण्याची गरज नाही.

तीन किंवा चार जोडपी पुरेशी होतात. त्यांत एक निवृत्तीला आलेले, एक मुले शाळेत असलेले आणि एक लग्नाला फार वर्षे न झालेले असावे. निवड करताना ‘आदर्श जोडपे’ शोधण्याचा मोह मंडळ्यांना फार होतो आणि तो टाळावा, कारण ज्यांच्या घरात कधी भांड्याला भांडे लागलेच नाही असे म्हणणाऱ्यांचे ऐकून कोणालाही धीर येत नाही. मात्र ज्यांचा वाद अजून धगधगत आहे त्यांना प्रवासाने बरे वाटेल म्हणून पथकात घेणे हे त्यांच्यावर आणि यजमानांवर अन्यायाचे आहे. पाळक एकटेच येणार असतील तर त्यांनी प्रार्थना आणि प्रभुभोजन सांभाळावे, विवाहाचे सत्र घेऊ नये.

मुंबईतील तयारी

मुंबईत नवरा-बायको एकाच वेळी घरी सापडणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे. एकाची सकाळची लोकल, दुसऱ्याची रुग्णालयातील रात्रपाळी, मध्ये मुलांचे क्लास. म्हणून सरावाची वेळ रविवारच्या उपासनेनंतरची ठेवावी. तिकिटे काढण्यापूर्वी किमान तीन महिने हा सराव सुरू असावा, आणि जे जोडपे सतत गैरहजर राहते ते तिकडेही गैरहजरच राहील असे समजावे.

पहिला सराव बोलण्याचा नसून ऐकण्याचा करावा. पतीने उभे राहून दोन मिनिटांत सांगायचे, की काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत आपल्या पत्नीचा दिवस कसा गेला. नंतर पत्नीने पतीचा दिवस सांगायचा. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, शेवटी फक्त एक गोष्ट दुरुस्त करायची. अर्ध्याहून अधिक पती ‘स्वयंपाक केला, मग ऑफिसला गेली’ यापुढे सरकत नाहीत. ती शांतता सभागृहात सर्वांना ऐकू येते आणि पुढच्या रविवारी सांगण्यात बराच फरक पडलेला असतो.

दुसरा सराव दुभाष्यासह बोलण्याचा. नैरोबीत इंग्रजी चालते, पण गावाकडच्या मंडळीत स्वाहिली किंवा किकुयू, लुओ अशी तेथील मातृभाषा लागते. दुभाषा आला की वीस मिनिटांच्या साक्षीला चाळीस मिनिटे लागतात. तेव्हा दहा मिनिटांची साक्ष लिहून काढावी, एका वेळी एकच वाक्य बोलावे, आणि मराठी म्हणी, शब्दांचे खेळ व मुंबईचे विनोद सरळ वगळावेत. सासू-सुनेच्या तक्रारी मात्र अनुवादाविनाच समजतात.

तिथले विवाह समजून घेणे

केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्यात ख्रिस्ती, नागरी, पारंपरिक, हिंदू आणि इस्लामी अशा पाच प्रकारच्या विवाहांना मान्यता आहे. ख्रिस्ती, नागरी आणि हिंदू विवाह एकपत्नीकच असतात, पारंपरिक आणि इस्लामी विवाहांत बहुपत्नीत्वाला वाव आहे. त्यामुळे सभेत बसलेल्या एखाद्या बाईच्या नवऱ्याला दुसरी बायको असू शकते. शिवाय कोणताही विधी न करता वर्षानुवर्षे एकत्र राहणारी, ज्यांना तिकडे ‘कम-वी-स्टे’ म्हणतात अशी जोडपीही असतात. त्यांपैकी अनेकांना चर्चमध्ये लग्न लावायचे असते, पण खर्च आणि वधूमूल्य आड येते. ‘आपण सर्व विवाहित आहोत’ अशा वाक्याने सत्र सुरू केले तर यांतील कित्येकांना आपण पहिल्याच मिनिटाला बाहेर बसवतो.

वधूमूल्याबद्दल, म्हणजे किकुयू लोकांच्या ‘रुरासियो’बद्दल, पाहुण्यांनी मत देऊ नये. तिथे देणे वराकडून वधूच्या घरी जाते. आपल्याकडे १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही देण्याचा ओघ उलट्या दिशेने चालूच आहे, आणि ख्रिस्ती घरेही त्यातून पूर्णपणे सुटलेली नाहीत. कोणी विचारलेच तर हेच प्रामाणिकपणे सांगावे.

आपल्याला सर्वांत जवळून समजेल असे एक दुःख तिथे आहे. पती नैरोबीत किंवा मोम्बासात कामाला, पत्नी मुलांसह गावी शेतावर, आणि भेट वर्षातून काही वेळा. गिरणगावात खोलीत दहा-पंधरा जण दाटीने राहून, खाणावळीत जेवून, कोकणात किंवा घाटावर मनीऑर्डर धाडणाऱ्या कामगाराचा संसार असाच होता आणि आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा तो जगले. केनियात मनीऑर्डरची जागा २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या एम-पेसाने घेतली. पैसे आता क्षणात पोहोचतात, पण ‘पैसे मिळाले का’ यापलीकडे बोलणे होत नाही ही तक्रार जुनीच. मराठी पथकाने या विषयावर स्वतंत्र सत्र ठेवावे. माझ्या मते इतर कोणत्याही देशाच्या पथकापेक्षा आपल्याकडे इथे देण्यासारखे अधिक आहे.

तसेच एक जण ख्रिस्ती झाला आणि दुसरा नाही, अशी घरे तिकडे भेटतील. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे संसार पुन्हा एकत्र आला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही हकिकत साध्या शब्दांत सांगावी, पण तिचा शेवट सर्वांच्या वाट्याला येतोच असे भासवू नये.

सत्र कसे घ्यावे

फादर गॅब्रिएल काल्वो यांनी १९६२ मध्ये बार्सिलोनात सुरू केलेल्या ‘मॅरेज एन्काउंटर’ या कॅथलिक उपक्रमाची रीत प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही मोकळेपणाने घ्यावी. जोडप्याने आपला छोटा अनुभव सांगायचा, एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने त्याचे उत्तर लिहायचे आणि नंतर फक्त आपल्या जोडीदाराशी बोलायचे. सर्वांसमोर कोणीही काहीही सांगायचे नाही. या शेवटच्या नियमावरच सगळा विश्वास उभा असतो, कारण उद्या त्याच बाकावर शेजारीण बसणार असते.

प्रत्यक्षात खुर्च्या दोन-दोन करून एकमेकींकडे वळवाव्यात आणि दोन जोडप्यांमध्ये हातभर नव्हे तर चांगले दहा फूट अंतर ठेवावे. हळू आवाजात गीत चालू ठेवावे म्हणजे शेजारचे बोलणे ऐकू जात नाही. प्रश्न जड नको. ‘गेल्या महिन्यात माझ्या कोणत्या कामाकडे तुझे लक्ष गेले?’ एवढा पुरतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना वेगळे काढू नये, सर्वांनाच ‘लिहा किंवा मनात धरा’ असे सांगावे. ग्रामीण मंडळ्यांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसत असतील, तर आसने बदलण्याची विनंती स्थानिक पाळकांनी करावी, आपण नव्हे.

वचन निवडताना इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय हटकून निघतो. तो बाविसाव्या ओवीपासून न वाचता एकविसाव्यापासून वाचावा, जिथे एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा दोघांनाही आहे. तेवढे एक वाक्य सोडल्यामुळे किती घरांत काय काय खपवले गेले, हे आपल्या मंडळ्यांनाही ठाऊक आहे.

सत्रानंतर एखादी स्त्री मारहाणीबद्दल बोलेल, हे गृहीत धरूनच जावे. तिला क्षमेचा उपदेश करून घरी पाठवू नये, तिच्या पतीला बोलावून समेटही घडवू नये. आपण आठवड्याने विमानात बसणार असतो, तिला त्याच घरात राहायचे असते. पथकातील एका स्त्रीने ऐकून घ्यावे, आणि निघण्यापूर्वीच यजमान मंडळीकडून ठरवून घेतलेल्या स्थानिक समुपदेशक स्त्रीकडे तिच्या संमतीने सोपवावे. केनियात लिंगाधारित हिंसेसाठी ११९५ हा मोफत मदत क्रमांक आहे, तो पथकातील प्रत्येकाच्या खिशात असावा.

कागद, पैसा आणि प्रकृती

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी प्रवासापूर्वी ऑनलाइन घ्यायची ‘ईटीए’ ही परवानगी सुरू केली. अर्जात प्रवासाचे कारण खरे लिहावे. पर्यटक म्हणून जाऊन सभा घेणे हा शहाणपणा नव्हे. शिकवण्यासाठी आणखी कोणती परवानगी लागते, हे यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात विचारून लेखी कळवावे. लग्नानंतर पत्नीचे नाव पासपोर्टवर एक आणि इतर कागदांवर दुसरे असेल, तर तिकीट पासपोर्टवरील नावानेच काढावे.

केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि आधी वेळ घ्यावी लागते. साठी ओलांडलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे. एकदा घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र आजन्म चालते. नैरोबी उंचावर असल्याने तिथे हिवतापाचा धोका कमी आहे, परंतु किनाऱ्यावर किंवा व्हिक्टोरिया सरोवराकडे जायचे असल्यास डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात.

प्रत्येक जोडप्याने आपला खर्च स्वतःच्या खात्यातून करावा हे उत्तम. मंडळीच्या ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातील सूट सहसा मिळत नाही, तेव्हा ट्रस्टचा पैसा वापरण्याआधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक किंवा सरकारी खात्यात नोकरी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० च्या कलम ६ नुसार अशा कर्मचाऱ्यांना परदेशात यजमानांच्या खर्चाने राहण्या-फिरण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. निरोपाच्या वेळी प्रेमाने पुढे केलेले पैशांचे पाकीट कोणीच स्वीकारू नये, ते तिथल्याच मंडळीच्या अर्पणात टाकण्याची विनंती करावी.

ऑगस्ट महिना सोयीचा, कारण तेव्हा तिकडे शाळांना सुट्टी असते आणि मार्च ते मे हा मोठा पाऊस संपलेला असतो. मुंबईत शाळा चालू असतात, तेव्हा मुले आजी-आजोबांकडे ठेवण्याची व्यवस्था आधी पक्की करावी. नैरोबीत त्या दिवसांत चांगलाच गारठा असतो, म्हणून स्वेटर न्यावा. चकल्या आणि चिवडा बांधताना लक्षात ठेवावे की ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. कापडी पिशव्या न्याव्यात.

वागणूक आणि परतल्यावर

केनियात भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि २०१७ मध्ये सरकारने त्यांना देशाच्या जमातींपैकी एक म्हणून मान्यता दिली. तरीही अनेक केनियन लोकांच्या डोळ्यांपुढे भारतीय माणूस म्हणजे दुकानाचा मालक. त्यात आपल्या समाजात मुरलेला रंगाचा भेद मुलाखतीत, चेष्टेत, फोटोच्या मथळ्यात नकळत डोकावतो. पथकप्रमुखाने हे सरावातच स्पष्टपणे बोलून घ्यावे. जेवायला यजमानांबरोबर बसावे, भांडी उचलायला पथकातील पुरुषांनीही उठावे. ‘ब्वाना आसिफिवे’ या अभिवादनाला ‘आमिना’ म्हणण्याइतकी स्वाहिली प्रत्येकाने शिकावी.

जोडप्यांचे फोटो त्यांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नयेत आणि त्यांच्या अडचणी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही टाकू नयेत. शेवटच्या दिवशी सत्र घेण्याचे काम दोन स्थानिक जोडप्यांना द्यावे आणि आपण मागे बसावे. पुढचे गट तीच चालवणार असतात. परतल्यावर सहा महिने, महिन्यातून एकदा त्यांच्याशी फोनवर बोलावे. नैरोबीत संध्याकाळचे सात म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेनऊ, तेव्हा दोघेही घरी असण्याची शक्यता जास्त. खर्चाचा हिशेब पावत्यांसह महिन्याभरात मंडळीच्या सभेपुढे ठेवावा, आणि पुढील वर्षी पुन्हा जायचे की नाही हा निर्णय यजमान मंडळीचे पत्र आल्यावरच घ्यावा.